नौसेनापती जिवंत आहे का

गेल्या महिन्यात माझा मित्र गेला. त्याच्या दिवसांना जमलेले लोक त्याच्या चांगुलपणाबद्दल बोलत होते आणि मी कोपऱ्यात बसून एकाच गोष्टीचा विचार करत होतो. पस्तीसेक वर्षांपूर्वी त्याच्या गावच्या देवळात देवाच्या खांद्यावरून एक पाकळी पडली होती. ती आपोआप पडली, की या लबाडाने पाडली? दरवेळी विचारीन म्हणायचो आणि दरवेळी भांडण दुसऱ्याच मुद्द्यावर जायचं. आता विचारायची सोयच उरली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही तिघं रत्नागिरीत कॉलेजात होतो. मी, हा मित्र आणि आणखी एक. त्या तिसऱ्याचं घर बंदराजवळ होतं आणि त्याचा मामू बोटीवर होता. एका खेपेला मामूने विलायतेच्या कुठल्याशा बंदरातून भाच्यासाठी एक पेटी आणली, आणि भाचा आमच्यात कायमचा पेटीवाला झाला. त्याला वाटलं, बुद्धिबळासारखं काहीतरी असेल. आत शिशाचे बोटभर सैनिक, मूठभर फासे आणि एक जाड इंग्रजी पुस्तक निघालं. ते पुस्तक वाचलं आणि आमचा अभ्यास तिथेच संपला.

खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला 'काळोख' म्हणायचो. त्यातली हकिगत अशी, की आकाशातले सूर्य एकामागून एक विझले आहेत. उरलीसुरली माणसं जहाजांवर आहेत आणि शेवटच्या जळत्या ताऱ्याकडे निघाली आहेत. तिथे सगळ्यांना पुरेल एवढी ऊब नाही, म्हणून वाटेतच एकमेकांना मारत आहेत. ताफ्याच्या पुढे नौसेनापतीचं जहाज. त्या जहाजावर तीनशे वर्षांत दिवा दिसलेला नाही, पण रोज तिथून एक आदेश येतो. आदेश बहुधा कोणाला तरी मागे सोडून देण्याचा असतो, आणि तो मुकाट पाळला जातो. अख्ख्या पुस्तकात कोणी हसत नव्हतं, कोणी जेवत नव्हतं. अशा उपाशी विश्वाबद्दल आम्ही पेटीवाल्याच्या माळ्यावर बसून, त्याच्या आईने पाठवलेली सांदणं खात भांडायचो. सैनिक कमी पडले तर काजूच्या बिया घ्यायचो. विझलेले ग्रह म्हणजे जांभ्याचे तुकडे. एकदा लढाई ऐन रंगात असताना पेटीवाल्याच्या आजीने शत्रूची अर्धी पलटण चुलीत भाजायला नेली, आणि तो माझा विजय धरावा की नाही यावर दोन संध्याकाळी गेल्या.

पण खरा वाद एकच होता. नौसेनापती जिवंत आहे का?

पुस्तक त्यावर काही सांगत नव्हतं. माझं म्हणणं, तो जिवंत आहे. आदेश येतात, आणि ते आजच्या घडामोडी पाहून दिलेले असतात. मी पानं काढून दाखवायचो. माझा मित्र ती पानं न बघताच बाजूला सारायचा. तो संगमेश्वरकडच्या एका गावच्या गुरवाचा मुलगा. त्यांच्या देवळात लोक कौल लावायला येत. लग्न ठरवू का, म्हैस विकू का, असं काहीही देवाला विचारायचं. गुरव देवाच्या दोन खांद्यांना पाण्याने दोन पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लहानपणापासून हे बघितलेल्या माणसाशी धर्मचर्चा करण्यात अर्थ नव्हता.

"मेलाय तो," मित्र म्हणायचा. "तीनशे वर्सं झाली. आदेश कारकून लिहितात."

"पुरावा?"

"पुरावा मी. देव काय बोलत नाय, आम्ही सांगतो. पिढ्यान्‌पिढ्या सांगतोय. देवाने कधी तक्रार केली नाय."

"तू सरळ नास्तिक आहेस."

"मी कसा नास्तिक असेन, गाढवा? देवावर तर आमची चूल चालते."

यावर पेटीवाला विचारायचा, "तोफा कधी उडवायच्या? मला फक्त तोफा उडवायच्यात. तुमचा तो दर्यावर्दी जगो नाहीतर मरो."

त्याच वर्षी शिमग्यानंतर माझे वडील वारले. ते मुंबईला नोकरीला होते. आमच्यासाठी वडील म्हणजे आठवड्याला येणारं एक पोस्टकार्ड, आणि त्यात सगळ्या सूचना. नळाची तोटी बदला, फी वेळेवर भर, सायकल अंगणात ठेवू नको. तार आली, आम्ही जाऊन सगळं उरकून परत आलो, आणि चौथ्या दिवशी त्यांचं कार्ड आलं. आजारी पडण्याआधी टाकलेलं. मित्र तेव्हा आमच्याकडेच होता. पोस्टमनच्या हातून कार्ड त्यानेच घेतलं आणि माझ्या हातात दिलं. 'विहिरीच्या रहाटाला तेल घाल,' एवढंच कामाचं होतं त्यात. मी उठून तेल घातलं. तो अंगणात उभा राहून बघत होता. त्यानंतर काही दिवस त्याने नौसेनापतीचा विषय काढला नाही. मीच काढला, आणि पूर्वीपेक्षा तावातावाने.

मे महिन्यात मामू नवीन पुस्तक घेऊन आला. त्याच खेळाचं, पुढचं. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्यात नौसेनापती तीनशे वर्षांनी खोलीतून बाहेर येतो, छातीवर सोनेरी पत्रा, तब्येत ठणठणीत, आणि चक्क हसतो.

मित्राने ते चित्र बराच वेळ बघितलं. "हा तर लग्नातला बँडमास्तर हाय," तो म्हणाला.

"पण जिवंत आहे. छापलंय."

"छापलंय म्हणून खरं? अरे, त्यांचा खेळ खपत नसंल. पोराटोरांनी घ्यावा म्हणून ह्याला झिलई मारली. काळोखात दिवा लावल्यावर त्याला काळोख कशाला म्हणायचं? उद्या तिथं भजनी मंडळ काढतील."

खरं सांगायचं तर ते चित्र मलाही आवडलं नव्हतं. पुस्तक सुमार होतं. पण ते माझ्या बाजूने होतं, आणि मी ते सोडायला तयार नव्हतो. जुनं पुस्तक मानायचं की नवं, यावर तीन आठवडे एकही लढाई झाली नाही. शेवटी पेटीवाला वैतागला. "दोघांनी मिटवा," तो म्हणाला. "नाहीतर मामूबरोबर पेटी परत पाठवतो. बोटीवरचे खलाशी तरी खेळतील."

"मग देवालाच विचारू," मित्र म्हणाला. त्याचे वडील लग्नाला परगावी गेले होते, देऊळ त्याच्याकडे होतं.

आम्ही एस.टी.ने त्याच्या गावी गेलो. दुपारची वेळ, देवळात चिटपाखरू नव्हतं. पेटीवाला चपला हातात घेऊन पायरीवर उभा राहिला. म्हणाला, "मी साक्षीदार." मित्राने पाण्यात बोटं बुडवली आणि देवाच्या डाव्या खांद्याला तगरीची पाकळी लावली. मग थांबून पेटीवाल्याकडे रुमाल मागितला, हात पुसला आणि उजवी लावली. आणि वडिलांच्या थाटात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं ओरडलो. पेटीवाल्याचा आवाज जास्त मोठा होता.

"ही तीन बिनकामाची पोरं आज तुज्या पायाशी आली हायत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एक दर्यावर्दी हाय, तीनशे वर्सं त्याच्या बोटीवर बत्ती नाय! तो जित्ता असंल तर उजवी दे, मेला असंल तर डावी दे, आणि त्या पुस्तकवाल्यांची बुद्धी ठिकाणावर आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग आम्ही बसलो. मला हसू येत होतं, तरी नजर उजव्या पाकळीवरून हलत नव्हती. उदबत्ती अर्धी व्हायच्या आत उजवी पाकळी खाली पडली. मित्राने कपाळाला हात लावला. "ह्या देवाला इंग्रजी वाचता येत नाय," तो म्हणाला. पण निकाल त्याने मानला. आमच्या खेळाच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नौसेनापती जिवंत', आणि खाली सही केली. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पेटीवाला आखातात जाऊन परत आला. मित्राचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय म्हणतोय तुजा बँडमास्तर?"

तेरावं झाल्यावर मी देवळात गेलो. आता पूजा त्याचा मुलगा करतो. त्याला मी पाकळीचं विचारलं. माझा प्रश्न त्याला विशेष वाटला नाही.

"पाकळी पाडत कोणी नाही, काका," तो समई पुसत म्हणाला. "पण पाणी कमी लावलं तर ती लवकर सुकते. बाबा सांगायचे, ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्याला वाईट कौल देऊ नये. हात कोरडा करून लावायची, आणि मग देवाची माफी मागायची."

मी घरी येऊन पेटीवाल्याला फोन लावला. म्हटलं, "देवळातला तो निकाल खोटा होता. त्याने हात पुसला होता."

"माहीत आहे," तो म्हणाला. "रुमाल माझा होता."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"तू रहाटाला तेल घातलंस ते त्याने मला सांगितलं होतं. मी काय बोलणार?" मग म्हणाला, "पेटी अजून माळ्यावर आहे. रविवारी ये."

रविवारी गेलो. सैनिक काळवंडले होते. बिया नव्या घेतल्या. नवं पुस्तक आम्ही पेटीतच राहू दिलं आणि जुनं उघडलं. मित्राचं आरमार मी घेतलं. पहिला आदेश वाचायला मी चष्मा शोधू लागलो.

"आदेश येऊ दे मागाहून," पेटीवाला म्हणाला. त्याचे दोन्ही गुडघे दुखत होते, तरी तो जमिनीवरच बसला होता. "आज तरी तोफा उडवू का?"

"उडव," मी म्हणालो. "नौसेनापती मेलाय. विचारायचं कुणाला?"