नाल्याचा पांढरा दिवस

नाला एका दिवसापुरता स्वच्छ करायची अक्कल माझी. सेठची नाही, त्या परदेशी कंपनीचीही नाही, माझीच.

नव्वदनंतरची गोष्ट. भिवंडीजवळ, मानकोलीच्या अलीकडे आमचं डाईंग होतं, म्हणजे लूमवरून आलेलं कोरं कापड धुऊन रंगवायचा कारखाना. मी तिथला डाईंग मास्टर. बी.एस्सी. केमिस्ट्री, तीही रडतखडत. पण रुबाब असा, की रसायनं जणू मला विचारूनच रंग बदलतात. मागच्या भिंतीतल्या पाइपातून सगळं पाणी नाल्यात जायचं. आज कुठला लॉट लागलाय ते गावाला नाल्याकडे बघून कळे, कधी लाल, कधी शाईसारखा निळा. त्या बाजूला कोणी गुरंही नेत नसे.

मग एक मोठी परदेशी कंपनी आमच्याकडून चादरींचं कापड घ्यायला तयार झाली. आधी तिने आपलं पर्यावरणाचं धोरण पाठवलं. इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून सेठना वाचून दाखवायला बसलो. पृथ्वी, पुढच्या पिढ्या, जबाबदारी, असं बरंच काही होतं. आमच्या कामाचं वाक्य एकच निघालं: कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी रंगहीन असावं.

सेठ चार पिढ्यांचे इथलेच. माझ्याशी मराठीत बोलत, घाबरले की हिंदीत. "मास्टर, सब दिखाना, नाला मत दिखाना."

मी म्हटलं, नालाच दाखवू. आदल्या दिवसापासून रंगाचा एकही लॉट लावायचा नाही. नुसता पांढरा माल काढायचा. कापड कॉस्टिक सोड्यात उकळायचं, ब्लिचिंगमध्ये धुवायचं, ते जळजळीत पण बिनरंगाचं पाणी नाल्यात सोडून द्यायचं. सेठनी मला मिठीच मारली. पाणी शुद्ध करायची टाकी बांधायची तर निम्मी शेड पाडावी लागली असती.

पाहुणे आले ते ऐन उन्हाळ्यात. एक उंच गृहस्थ आणि एक बाई. नाला काचेसारखा वाहत होता. गृहस्थांनी ग्लासभर पाणी उन्हाकडे धरून बघितलं आणि खूश झाले. तपासणीला बाटली हवी होती, ती मी तत्परतेने भरून आणली, ऑफिसच्या माठातून.

तेवढ्यात आमच्या चहाला दूध घालणारी मावशी आली. नाल्यापलीकडे तिचं घर, नवरा अंथरुणाला खिळलेला, एका म्हशीवर सगळं चाललेलं. म्हशीला पाण्यावर न्यायला तिला रोज लांबच्या तळ्यापर्यंत पायपीट करावी लागे. ती नाल्याकडे बघतच राहिली.

"मास्टर, पानी नितळ झालंय. म्हशीला चालंल का रं?"

बाईंनी मला विचारलं, ही काय म्हणतेय? समोर मावशी, शेजारी पाहुणीबाई, मागे सेठ श्वास रोखून उभे. मी मावशीकडे बघून मान डोलावली आणि बाईंना इंग्रजीत सांगितलं, की गावकरी तुमच्या कंपनीचे आभार मानतायत. बाईंचे डोळे पाणावले. मावशीला नंतर गाठून खरं सांगू, असं मनात होतं. पण पाहुण्यांबरोबर ठाण्याला एसी हॉटेलात जेवायला जायचं होतं, आणि आइस्क्रीम येईपर्यंत मावशी माझ्या डोक्यातून पार गेली होती.

म्हैस पाणी प्याली आणि वर मनसोक्त डुंबली. रात्रीतून तिची कातडी सोलवटली, कास सुजली, तोंडाला रक्ताळलेला फेस आला. भिवंडीहून जनावरांचा डॉक्टर आणला, पण त्याच्यासमोरच म्हैस गेली. नाला लाल असता तर मावशीने तिला काठाशीही फिरकू दिलं नसतं. तेवढी एक राखण होती त्या पाण्याला, ती मी काढून घेतली.

सेठनी माझ्या हाती पाकीट पाठवलं. मावशीने ते ठेवून घेतलं, मला पाणी विचारलं नाही. पुढे ती गोदामात झाडू मारायला जाऊ लागली. आम्हाला ऑर्डर मिळाली आणि नाला पुन्हा आपल्या रंगावर आला.

वर्षभराने कंपनीचं गुळगुळीत पुस्तक आलं. आत पानभर फोटो: नितळ पाणी, त्यात मानेपर्यंत बसलेली म्हैस, काठावर हसणारी मावशी. जेवायला ठाण्याला निघताना बाईंनी पुलावर आपली गाडी थांबवून काढला असणार. खाली छापलं होतं, की कंपनीच्या धोरणामुळे या गावाला त्याचं पाणी परत मिळालं.

एवढ्यावर थांबावं की नाही? पण मला वाटलं, तिच्याकडे म्हशीचा एकही फोटो नसेल, बघून बरं वाटेल तिला. पुस्तक घेऊन मी तिच्या दारात गेलो. तिने हात पदराला पुसले, पान गुडघ्यावर धरलं आणि म्हशीच्या कपाळावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू न्हाय दिसत ह्यात?"

"नाही मावशी, मी पुढच्या गाडीत होतो."

"म्हशीच्या जागी तू पायजे व्हतास," ती म्हणाली.