जाळीचा पत्रा

नगरच्या एमआयडीसीत हवेचे डक्ट बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात मला पहिली नोकरी लागली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. देवळाली प्रवराच्या शाळेत मला गणित पक्कं शिकवणारे गुरुजी भेटले, त्यांचे उपकार आहेत. पण वडीलधाऱ्यांना आपण काही सांगायचं नसतं, हेही मी तिथेच शिकलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भिंगारजवळच्या एका दवाखान्याचं काम आलं. तिथे मुलांचे कान तपासायची खोली होती. खोलीला खिडकी नव्हती. छतावरच्या पंख्याची हवा पत्र्याच्या चौकोनी डक्टमधून आत यायची, आणि हवेबरोबर पंख्याची घरघरही. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला हेडफोन लावून बसवलं. तपासणीचा बारीक आवाज कुठला आणि घरघर कुठली, मलाच कळेना. पंखा बंद केला की मुलं उकाड्यानं रडायला लागत.

शेवगावच्या सहा वर्षांच्या एका मुलीची तपासणी अशी दोनदा अर्धवट राहिली होती. शाळेत तिला मंद ठरवलं होतं. पुढच्या वर्गात घ्यायचं की नाही, ते या तपासणीवर ठरणार होतं. बाईंनी तिच्या आईला पुढच्या सोमवारी या म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी हिशेब करून सायलेन्सरचं ड्रॉइंग काढलं. डक्टचा एक तुकडा रुंद करायचा, आतून काचेच्या लोकरीचं अस्तर द्यायचं आणि त्यावर बारीक भोकांचा पत्रा लावायचा. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथेच विरतो. हे कारखान्यातल्या मिस्त्रीमामांना समजावून सांगायला हवं होतं. त्यांची तीस वर्षं पत्रा कापण्यात गेलेली. त्यांना मी काय शिकवणार, असं वाटून शुक्रवारी ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि निघालो. त्यांनी मागून विचारलं, "साहेब, मोटारसायकलीचाच लावू का?" सगळे हसले. मीही हसलो.

शनिवारी सायलेन्सर बसला. पंखा लावला, घरघर होती तशीच. बाईंनी पंखा बंद केला आणि निघून गेल्या, त्याचं जास्त लागलं. मी आकडे तीनदा तपासले. चूक सापडेना. आपल्याला पदवी चुकून मिळाली असावी, असंही मनात येऊन गेलं.

रविवारी कारखाना बंद असूनही माझ्या निरोपावर मामा दवाखान्यात आले. आम्ही सायलेन्सर उतरवून उघडला. भोकांच्या पत्र्यावर त्यांनी साधा, बिनभोकांचा पत्रा मारला होता. कडांच्या फटी लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवल्या होत्या. काम इतकं सफाईदार, की पाहत राहावं.

मी विचारलं, "मामा, हा का लावला?"

"आमी जन्मभर डक्टची भोकं बुजवली. आता तुमी भोकं पाडायला सांगता. अन् ती लोकर हवेबरोबर उडून लेकरांच्या छातीत गेली तर?"

त्यांचं बरोबर होतं. लोकर उडू नये म्हणून मधे काचेचं तलम कापड लागतं, ते मी ड्रॉइंगमध्ये दाखवलंच नव्हतं. मी तसं कबूल केलं. मग जमिनीवर बसून भोकं का हवीत, ते पहिल्यांदा नीट सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे शुक्रवारी सांगितलं असतं तर आज मी घरी असतो."

कापड कारखान्याच्या गोदामात होतं, ते आणलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी साधा पत्रा काढून, लोकरीवर कापड घालून अस्तर पुन्हा बसवलं.

सोमवारी पंखा चालू असूनही घरघर ऐकू येत नव्हती. ती मुलगी हेडफोन लावून बसली. मी आणि मामा दाराबाहेर उभे होतो. आवाज आला की हात वर करायचा, असं तिला शिकवलं होतं. डाव्या कानात आवाज सोडला की तिनं दर वेळी हात वर केला. उजव्यात सोडला तेव्हा एकदाही नाही. बाईंनी कागदावर तसं लिहिलं आणि पोरीला वर्गात पहिल्या बाकावर, डावा कान गुरुजींकडे येईल असं बसवा, म्हणून सांगितलं.

आईनं विचारलं, "म्हंजे डोक्यानं बरी हाय ना?"

"एकदम बरी आहे," बाई म्हणाल्या.

मामांनी टोपी काढून हातात धरली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मग मला स्वतःला आवरता आलं नसतं.