झाकण यायचंय

भांड्यांच्या खोलीच्या कुलपात चावी घालतच होते, तेवढ्यात पायवाटेनं बुधी आली. डोक्यावर मोठा टोप, राखेनं घासून लख्ख केलेला. नातवाच्या बारशाला नेला होता. टोप खाली न ठेवताच म्हणाली, "वयनी, दामूदादा उठत नाय गो. वाटेत घरी हाक मारली, हलवलं… नायच उठत." धुकं अजून शेतावरून उठलं नव्हतं. मला एवढंच आठवतं, की मी आधी तिच्या डोक्यावरचा टोप उतरवून घेतला, जागेवर ठेवला आणि मग पळत सुटले. अशा वेळी माणसाला काय सुचेल, सांगता येत नाही.

दामूभाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. वैशाखऱ्याच्या अलीकडे, घाटरस्त्यापासून जरा आत आमचं गाव. भाऊजींनी शहापूरला एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाले तेव्हा कारखान्यानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर टेम्पोत घालून गावी आले. देवळामागे गावाच्या भांड्यांची खोली आहे. ज्याच्या घरी कार्य, त्यानं टोप-पराती न्यायच्या आणि घासून परत आणायच्या. चावी माझ्याकडे. पण कोणतं भांडं कुणाकडे, हे देवालाच ठाऊक. भाऊजींनी त्या खोलीतच कॉम्प्युटर मांडला, वर स्वच्छ पंचा पांघरला. "नवी नवरी आणली वाटतं," मी म्हटलं. लाजले हो चक्क!

दुपारी कौलातल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा उतरायचा आणि पितळेच्या हंड्यांवरून हळूहळू सरकत जायचा. मी तांदूळ निवडायची, भाऊजी बोलत राहायचे, आणि अर्धं बोलणं माझ्या डुलकीत मिसळून जायचं. एका टेबलात, म्हणजे कॉम्प्युटरातल्या तक्त्यात, गावातली घरं, दुसऱ्यात भांडी, तिसऱ्यात कुणी काय कधी नेलं. मग तिन्ही जोडून एक फॉर्म केला. वर घराचं नाव, खाली त्या घरानं नेलेल्या भांड्यांच्या ओळी. परत न आलेल्याची ओळ लाल. पुढचं घर आणलं की खालच्या ओळी आपोआप बदलायच्या. अगोबाई, मला तर भुताटकीच वाटली! आमच्या घराखाली माझ्या लेकीचं बारसं, तिचं लग्न, यजमानांचं बारावं… अख्खा संसार टोपांच्या नावानं उतरलेला.

"आणि तुमच्या घराखाली?" मी विचारलं. त्यांनी घर आणलं. वर नाव, खाली पांढरं. "माझ्याकडं कुठलं कार्य गो," म्हणाले. "मग घर लिवलंत कशाला?" मी चिडवलं. ते हसले नाहीत. "खाली काय नसलं तरी वर घर राहतं, वयनी. उलटं नाय चालत. घर नसलं तर खाली ओळ लागतच नाय."

हे उलटं कसं चालत नाही ते बुधीच्या लेकीच्या लग्नात कळलं. बुधी राहते गावाच्या कडेच्या वाडीत. मोठा टोप मागायला आली, भाऊजींनी नोंद घातली, तर मशीन घेईना. घरांची यादी उतरवली होती गावच्या मंडळाच्या वर्गणीदारांवरून, आणि वाडीकडे वर्गणी मागायला कधी कुणी गेलंच नव्हतं! मंडळाचे अध्यक्ष तात्या तिथंच बसले होते. मनानं वाईट नाहीत, पण सवय. म्हणाले, "माझ्या नावावर घाल की रे, काय बिघडतं?" बुधी पदर पिळत उभी. "लगीन तिच्या घरचं हाय तात्या," भाऊजी म्हणाले. एक खूण काढली की मशीन गप बसतं, घर नसलं तरी ओळ घेतं, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं. पण ती खूण न काढता ते उठले आणि भर उन्हात वाडीत गेले. सगळी घरं लिहून आणली. निम्मी माणसं वीटभट्टीला गेलेली, दारं सुंभानं बांधलेली. तीही लिहिली. तात्या वैतागले, "माणसंच नाय तिथं, घर कशाला लिवतोस?" भाऊजींनी तेच सांगितलं, खाली काय नसलं तरी घर राहतं म्हणून. मग टोप बुधीच्या घराखाली लागला. ते लग्न मी पाहिलंय, त्या टोपातला भात खाल्लाय.

एखादी ओळ लाल राहिली की भाऊजी खूश. बहुतेक झाकणच अडकलेलं असायचं कुणाकडे. ते आणायला म्हणून निघायचे, ओटीवर टेकायचे, चहा घ्यायचे, पोराटोरांची चौकशी करायचे, आणि पुष्कळदा झाकण तिथंच विसरून यायचे. "पुन्हा जाईन की!" मला वाटायचं, वय झालं. कसलं वय झालंय!

त्यांच्या बाराव्याला भांडी काढायला मीच बसले. त्यांचं घर आणलं. खाली पांढरं. मोठा टोप लिहिला, झाकण लिहिलं. मग कारण निवडायचं आलं. बारसं, लग्न, पूजा, बारावं… या माणसाच्या घरातलं पहिलं कार्य, आणि ते हे! मी तिथंच हंड्यांमध्ये बसून मोठ्यानं रडले. वाडीतल्या बाया भांडी न्यायला दारात थांबल्या होत्या, कुणी घाई केली नाही.

भांडी परत आली. भाऊजींचा पुतण्या घराला कुलूप लावून, चावी माझ्याकडे देऊन कल्याणला गेला. परवा तात्या आले. म्हणाले, "दामूचं घर आता बंदच. यादीतून काढून टाक." खरं सांगायचं तर मी त्यांच्यासमोर प्रयत्न केला. मशीन म्हणालं, नाही निघत.

"का गो?"

"खाली ओळी आहेत तात्या. घर पुसता येत नाय आता."

तात्या चष्मा वर करून बघत राहिले. "आणि ही लाल कसली?"

"टोपाचं झाकण यायचंय."

"मग घेऊन ये की! चावी तुझ्याकडंच हाय."

हो, चावी माझ्याकडेच आहे. चार-दोन दिवसांनी जाते मी. दार उघडते, केर काढते, त्यांच्याच शेगडीवर कपभर चहा ठेवते. झाकण समोर खिडकीतच आहे, त्यावर दुपारचं ऊन पडतं. चहा पिते, कप विसळून पालथा घालते, आणि तशीच परत येते.