कॅमेऱ्याचा मालक

श्यामला दीक्षितांनी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली. आधी ट्रंक बोर्डावर परगावचे कॉल जोडायला, मग फॉल्ट सेक्शनला. बोर्डावर दुसऱ्याचं बोलणं कानावर पडायचंच. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे वडील अत्यवस्थ आहेत, कोण कुणाला चोरून फोन करतं, सगळं कळायचं. पण संध्याकाळी कोथरूडच्या बसमध्ये चढेपर्यंत ते विसरायचं, अशी तिथली शिस्त. नवऱ्याशीसुद्धा त्या यातलं कधी अवाक्षर बोलल्या नाहीत.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आमोद म्युनिकला. गेल्या वर्षी श्यामलाबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि सकाळी गोदाबाई कामाला येईपर्यंत दोन तास तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून आमोदने धोशा लावला, की हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा.

"मी काय बँक आहे?" त्या म्हणाल्या.

"आई, मला इथे झोप लागत नाही."

त्या तयार झाल्या. नेमकं त्याच सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर आपटे यांनी एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी पाच कॅमेरे एकदम मागवले होते. त्यातला एक श्यामलाबाईंच्या पुस्तकांच्या कपाटावर येऊन बसला. लिंबाएवढा पांढरा गोळा. माणूस हललं की तोही मान वळवायचा. आपट्यांनी स्वतः येऊन तो आपल्या मोबाइलवरून चालू करून दिला, आमोदला तिकडे लिंक पाठवली आणि चहा घेऊन गेले. आमोदने कौतुक केलं, "किती करतात ना काका!"

चारेक महिने बरे गेले. मग एकदा जिन्यात आपटे भेटले.

"काय श्यामलाताई, नुसतं तेल चोळून गुडघा बरा होत नसतो. डॉक्टर गाठा."

त्या हसल्या आणि दोन पायऱ्या उतरून थांबल्या. गुडघ्याला तेल लावायच्या त्या दुपारी, हॉलमध्ये, दार लावून. आमोदला सांगितलं नव्हतं, तो काळजी करेल म्हणून. मग यांना कुणी सांगितलं?

दुसरी गोष्ट सोसायटीच्या सभेत घडली. इमारत पाडून नवी बांधायची असं चाललं होतं, आणि आपट्यांना एका ठरावीक बिल्डरशी करार करायची भारी घाई होती. श्यामलाबाईंनी कराराचा मसुदा नीट वाचला होता. आदल्या दिवशी त्यांच्याच मजल्यावरच्या आनंदीबाईंना हॉलमध्ये बसवून त्यांनी तीन प्रश्न काढले, कागदावर उतरवले. सभेत आपटे उभे राहिले आणि कुणी तोंड उघडायच्या आत त्याच तीन प्रश्नांची उत्तरं देऊन मोकळे झाले. त्याच क्रमाने. कागद श्यामलाबाईंच्या पर्समध्येच राहिला.

घरी येताना आनंदीबाई म्हणाल्या, "मी नाही हो कुणाला सांगितलं."

"तुमच्यावर कोण संशय घेतंय?" श्यामलाबाई म्हणाल्या. पण संशय घेतला होता. रात्रीपर्यंत त्यांनी आनंदीबाईंना मनातल्या मनात दोनदा दोषी ठरवलं आणि दोनदा सोडून दिलं. मग त्यांना गोदाबाई आठवली. गोदाबाई आपट्यांकडेही भांडी घासायची. तेल लावताना तिने कितीदा तरी पाहिलं होतं. आनंदीबाई आल्या तेव्हा चहा तिनेच आणून दिला होता.

गोदाबाई परभणीकडची. नऊ वर्षं या घरात काम करत होती. पडलेल्या श्यामलाबाईंना हाताला धरून उठवलं होतं ते तिनेच. तरी दुसऱ्या दिवशी श्यामलाबाईंनी विचारलं, "गोदा, इथलं बोलणं तू बाहेर कुठं बोलतेस का?"

गोदाबाई फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मी? कुणाला बोलू?"

"आपट्यांकडे."

"त्येंच्याकडं मला पाणी पी म्हणायला बी कुणी येत नाही, बाई."

श्यामलाबाईंनी फक्त घराची जादा किल्ली तिच्याकडे असायची, ती मागून घेतली. कारण विचारलं तर काय सांगायचं याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. गोदाबाईने विचारलंच नाही. किल्ली ओट्यावर ठेवली, भांडी पुरी केली आणि गेली.

त्या दुपारी श्यामलाबाई तेलाची बाटली घेऊन हॉलमध्ये बसल्या होत्या, तेव्हा कपाटावरून बारीकसा आवाज आला. कर्र. गोळा त्यांच्याकडे वळला. तो नेहमीच वळायचा. पण आत्ता त्या हलल्या नव्हत्या. पाच मिनिटं तरी पुतळ्यासारख्या बसून होत्या. बोर्डावर वर्षानुवर्षं घालवलेला कान होता तो, कुणी लाइनवर आलं की त्याला समजायचं. त्यांनी साडी घोट्यापर्यंत ओढली आणि आमोदला फोन लावला.

"तू आत्ता बघतोयस का मला?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे. का गं?"

"काही नाही."

फॉल्ट सेक्शनला एक साधी पद्धत होती. लाइन कुठे बिघडली ते कळत नसेल, तर तुकडे पाडून एकेक तुकडा तपासायचा. श्यामलाबाईंनी तेच केलं. गोदाबाईला स्वयंपाकघरात सांगितलं, की पुढच्या महिन्यात मी नाशिकला बहिणीकडे राहायला जाणार आहे. आनंदीबाईंना जिन्यात सांगितलं, की नव्या इमारतीत मला वरचा मजला नको, पहिलाच हवा. आणि हॉलमध्ये सोफ्यावर बसून, बंद मोबाइल कानाला लावून, घरात दुसरं कुणी नसताना त्या मोठ्याने म्हणाल्या, "हो वकीलसाहेब, कराराला कोर्टाचा स्टे घ्यायचाच. सोमवारी येते मी कागद घेऊन." तिन्ही गोष्टी साफ खोट्या. आयुष्यात एवढ्या सफाईने खोटं बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

रविवारी सकाळी दहाला दाराची बेल वाजली. आपटे. हातात चितळ्यांची बाकरवडी.

"सहज आलो. म्हटलं, आपण शेजारी, बोलून प्रश्न सुटतात. उगाच कोर्टकचेऱ्या कशाला या वयात?"

"कसली कोर्टकचेरी?" श्यामलाबाईंनी विचारलं.

आपट्यांनी पुडा या हातातून त्या हातात घेतला. "नाही... म्हणजे एकूणच म्हणतोय मी."

"बरं. पुडा घेऊन जा परत. मला तळलेलं चालत नाही."

दार लावून त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, जिथे गोळ्याची नजर पोचत नव्हती. गोदाबाईकडून घेतलेली किल्ली तिथेच ओट्यावर पडली होती.

खालच्या मजल्यावरची तनया सॉफ्टवेअर कंपनीत होती. श्यामलाबाईंनी तिला बोलावून घेतलं. तिने व्हिडिओ कॉलवर आमोदला त्याच्या मोबाइलचा स्क्रीन दाखवायला लावला. "दादा, ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या नावाखालचं वाच. बारीक अक्षरात."

आमोद वाचायला लागला. "हे उपकरण तुमच्यासोबत शेअर करण्यात आलं आहे."

"म्हणजे काय?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे काकू, कॅमेऱ्याचे मालक आपटेकाका आहेत. आमोददादा पाहुणा. काका हवं तेव्हा बघू शकतात, ऐकू शकतात, फिरवू शकतात. साठवलेलंही सगळं त्यांच्याकडेच."

"बंद कर," आमोद तिकडून ओरडला. "आई, वायर काढ आधी!"

श्यामलाबाईंनी वायर काढली. गोळा सोफ्याकडे वळलेला होता, तसाच राहिला. त्यांनी तो उचलला नाही. पुरावा आहे म्हणून तनयाने हात लावू दिला नाही.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "चोरीला काय गेलं, मावशी?"

"माझं बोलणं," त्या म्हणाल्या. हवालदाराने लिहायचं पेन खाली ठेवलं. मग तनयाने सायबर विभागात ऑनलाइन तक्रार दिली, स्क्रीनचे फोटो जोडले. उरलेल्या चार घरांतही श्यामलाबाई स्वतः गेल्या. चारही कॅमेऱ्यांचे मालक आपटेच निघाले. दोन घरांनी कॅमेरे काढले. तिसऱ्या घरच्या आजींच्या परगावच्या सुनेने फोनवर विचार करते म्हणून सांगितलं. चौथ्या घरातल्या आजोबांनी दारातच ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू दे की. माझ्याकडे तेवढंच कुणीतरी बघतंय."

आपट्यांनी सगळं नाकारलं. मी केवळ सुरक्षेसाठी, चुकून राहिलं असेल, असं म्हणत राहिले. पुढच्या सभेत त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. प्रकृती उत्तम होती, रोज सकाळी टेकडीवर चढत होते. तक्रारीचा तपास चालू आहे, एवढंच उत्तर अजून येतं. कराराचा विषय तूर्त मागे पडला.

गोदाबाई मात्र त्या रविवारपासून आली नव्हती. श्यामलाबाई रिक्षा करून सुतारदऱ्याला तिच्या घरी गेल्या, चढ चढून, गुडघा धरत. गोदाबाईने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"माझं चुकलं, गोदा. तुझ्यावर संशय घेतला मी." त्यांनी किल्ली पुढे केली.

गोदाबाईने किल्ली घेतली नाही. "नवं काम लागलंय मला, बाई. कर्वेनगरला."

"रागावलीस?"

"राग न्हाई. वाईट वाटलं." थोडं थांबून ती म्हणाली, "तुम्हाला चार महिनं कॅमेऱ्यानं बघितलं तर तुम्ही पोलिसात गेलात. मी सात घरी काम करते. पाच घरी कॅमेरा हाय, किचनमदी पण. तुमचा आमोद बी बघायचाच की, मी किती वाजता आले, किती वाजता गेले."

श्यामलाबाईंना हे माहीत होतं. आमोद कधीकधी फोनवर म्हणायचा, गोदाबाई आज लवकर गेली वाटतं. त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी किल्ली परत पर्समध्ये टाकली.

निघताना गोदाबाई दारापर्यंत आली. पदराआडून एक मोबाइल काढून ती हलक्या आवाजात म्हणाली, "हा आपटेबाईंनी दिवाळीला दिलता. त्येंचा जुना. यात बी कुणी असंल का?"

श्यामलाबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि बंद केला. दोघी एकाच रिक्षातून सोसायटीत आल्या. तनयाने तासभर तो उलटसुलट तपासला, सगळी खाती पुसली, पासवर्ड बदलायला शिकवलं.

"यात काही नाही," ती म्हणाली.

"नक्की?" दोघींनी एकदमच विचारलं.

तनयाने खांदे उडवले. "मला तरी काही दिसत नाही, काकू."

गोदाबाईने मोबाइल घेतला, पुन्हा बंद केला, आणि कर्वेनगरच्या कामाला उशीर होतोय म्हणत जिना उतरून गेली.