वरच्या वस्तीचा वाटा

आमचे तात्या गेले. नात्यानं माझे सासरे, पण माया बापाची.

लशीच्या हापिसात हिशेबनीस होते. पोरांना टोचायला जो पैसा यायचा त्याचे गावोगावचे वाटे तेच पाडायचे. बोलायला गोड, पण पैशाच्या बाबतीत एकदम कडक. ज्या दवाखान्याकडून पैसा शिल्लक आला त्याचा वाटा पुढच्या साली कापलाच म्हणून समजा. वर म्हणायचे, "जो जेवतच नाही त्याला कशाला वाढायचं?" सगळं हापिस हसायचं.

डोंगरावरच्या वस्तीचा पैसा दरसाल शिल्लक यायचा. तात्यांना वाटलं, तिथं पोरंच नसतील फारशी. कापला वाटा, दिला शहराला.

मग वर गोवर आला. आपण म्हणतो, अंगावर उठतो नि जातो. हा तसा गेला नाही. पोरं घेऊन गेला.

तिथली नर्सबाई तशीच चिखलाच्या चपलांनी तात्यांच्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. "तात्या, पैसा लशीचा होता, गाडीचा नव्हता. बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन चढायचे, अर्ध्या वाटेत बर्फाचं पाणी. गरम होऊन वाया गेलेली लस टोचू का पोरांना? म्हणून मागवलीच कमी, पैसा राहिला."

"मग बोलायचं नाही का, बाई?"

"शिल्लक का राहिली, हे विचारलं का कुणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्या हापिसातल्या मोठ्या साहेबांकडं गेले. "शहराचं कापा, पण वर गाडी द्या."

साहेब हसले. "काय तात्या, न जेवणाऱ्याला वाढायचं का आता?"

"ताट त्यांच्यापुढं गेलंच नाही हो साहेब! मीच अडवलं."

साहेब म्हणाले, पुढच्या साली बघू. तात्यांनी दारात ठाणच मांडलं. रोज जाऊन बसायचे. शेवटी साहेब कंटाळले, गाडी मिळाली.

तात्या स्वतः गेले, पेटी मांडीवर घेऊन. वर बाया पोरं घेऊन उभ्याच होत्या. एकीच्या कडेवर शेजारणीचं पोर. नर्सबाई हळूच म्हणाली, हिची पोरगी गोवरात गेली. सुई लागली, पोर किंचाळलं, बाईनं घट्ट धरलं. मग तात्यांना विचारलं, "साहेब, ही गाडी आधी नव्हती होय?"

नव्हती म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं?

"गाडीपुरता पैसा शिल्लक होता, बाई," तात्या म्हणाले. "मी दुसरीकडं दिला."

बाई पोराचा दंड चोळत राहिली.