दोघांच्या गोळ्या

लॉन्ड्रीवाल्या मावशींचा गरम पाण्यावर भारी विश्वास. शर्टावर शाई सांडो नाहीतर चादरीवर चहा, मावशी बाह्या वर सारून म्हणायच्या, "ठेवून जा, बघते त्याच्याकडे." त्यामुळे अंगावरून पिवळट, फेसाळ जायला लागलं, वास आणि खाज सुरू झाली, तेव्हा त्यांनी डॉक्टर गाठायचं सोडून साबण गाठला. तोही कपड्यांचा! आतले कपडे उकळले, स्वतःला घासघासून धुतलं, आणि अशी आग झाली की मशीनसमोरच्या स्टुलावर बसवेना.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे जाणं आलं. त्यांनी तपासलं, नमुना काचपट्टीवर घेऊन पाहिला आणि आधी साबण बंद करायला लावला.

"हा मळ नाही, मावशी. हा परजीवी आहे, डोळ्यांना न दिसणारा. शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गोळ्यांनी बरा होतो, पण तुमच्या मिस्टरांनीही बरोबरीने घ्यायच्या. दोघं बरे होईपर्यंत जवळ यायचं नाही."

"त्यांना तर काहीच होत नाही हो!"

"पुरुषांना बऱ्याचदा जाणवतच नाही. आणि कोणाकडून आला, कधी आला, हे कोणालाच सांगता यायचं नाही. महिनोन्महिने गप्प बसून राहतो."

मावशींचं हे दुसरं लग्न, पन्नाशीतलं. पहिल्या नवऱ्याने हरेक गोष्टीचं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडलं होतं; दूध उतू गेलं तरी आणि त्याची बस चुकली तरी. त्याच्यापासून सुटल्यावर दुकानात इस्त्रीच्या कामाला आलेला हा कमी बोलणारा विधुर त्यांना आवडला, आणि गेल्या वर्षी दोघांनी लग्न केलं. संसार कसा छान चालला होता. आता याला सांगायचं कसं? हाही म्हणेल, तुझ्यामुळेच.

म्हणून मावशींनी आपलं डोकं चालवलं. स्वतःच्या गोळ्या घेतल्या, नवऱ्याच्या वाटच्या गोळ्या बटणांच्या डब्यात दडवल्या आणि पाठ दुखते म्हणून वेगळं अंथरूण घातलं. खाज गेली, वास गेला. स्वारी खूश! पाठही लगेच बरी झाली. पण थोड्याच दिवसांत सगळं पुन्हा सुरू.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांच्याकडून परत तुमच्याकडेच येणार ना! दोघांनी एकदम घ्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला या." (पुढे त्या तपासणीत काही निघालं नाही, हे आधीच सांगून टाकतो, उगाच जिवाला घोर नको.)

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, नवरा एकटाच इस्त्री करत होता. मावशींनी गोळ्यांची दोन्ही पाकिटं इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लपवलेल्या गोळ्यांसकट.

त्याने इस्त्री उभी केली. "म्हणजे मी तुला नकोसा झालेलो नाही?"

"अहो, काय बोलताय?"

"पाठ दुखते म्हणायचीस आणि ओल्या चादरींची बोचकी एकटी उचलायचीस. मला वाटलं, संपलं आपलं." तो पाण्याची बाटली घेऊन आला. "चल, घे. मी पण घेतो."

दोघांनी गोळ्या गिळल्या. मावशी वाट बघत उभ्या राहिल्या. प्रश्न काही येईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "कोणाकडून आलं, विचारणार नाही का?"

"डॉक्टरांनाच कळत नाही, तर मला काय कळणार? माझ्याकडून आलं असं धर आणि मोकळी हो."

मावशींना रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. नेमकी तेवढ्यात शाळेतली शिक्षिका साड्या न्यायला आली आणि दारातच थबकली.

"अगंबाई, मावशी, काय झालं?"

"काही नाही," तो साड्या कागदात गुंडाळत म्हणाला, "माझंच काहीतरी चुकलं."

एवढ्या वर्षांत मावशींच्या घरात हे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारलं नव्हतं. त्या रडता रडता हसायलाच लागल्या.