हार घरच्यांनी घालायचा

आमगाव स्टेशनजवळ त्याचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. माणूस तसा तुसडा. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन कुणी आलं, की तो मापाआधी वय विचारतो. साठीच्या पुढचं असेल तर नुसती मान हलवतो. कमी असेल तर फ्रेमची काच रुमालानं दोनदा पुसतो.

काउंटरमागच्या भिंतीवर चार परके चेहरे आहेत. सगळे स्वीडनच्या सिनेमातले: दोन नट, एक कॅमेरावाला, एक नटी. चौघंही चाळिशी-पन्नाशीतच गेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइलवर त्यांचे सिनेमे बघत बसतो.

"भाषा समजते का?" मी एकदा विचारलं.

"भाषा नाही समजत जी. तोंड समजते."

"मग यांना हार का नाही?"

"हार घरच्यायनं घालाचा असते. मी कोन?"

दिवाळीनंतर माझी बायको गेली. तिचा फोटो देताना "सेहेचाळीस" असं मी न विचारताच सांगितलं. मग आठ दिवस तिकडे फिरकायचा धीर झाला नाही.

गेलो, तेव्हा तिची फ्रेम तयार फ्रेमांच्या गठ्ठ्यात नव्हती. भिंतीवर, त्या नटीच्या शेजारी टांगलेली होती.

"खाली एकटी काऊन ठेवू जी?" तो म्हणाला. "ही नटी बी सेहेचाळीसचीच."

बायकोसाठी घेतलेला शेवंतीचा हार पिशवीत होता. तो काढून मी आधी त्या परक्या बाईला घातला. त्यानं अडवलं नाही. रुमाल काढला आणि दोघींच्या काचा पुसल्या.